तरुण संघ चालवणाऱ्यांनी आणि आईबापांनी काय वाचावं? (सोलापूर)

रंगभवनची_बाई

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) मी अकरा वर्षं संडे स्कूल घेते. मागच्या जूनपासून तरुण संघही माझ्याच गळ्यात पडलाय. आठवीपासून पहिल्या नोकरीपर्यंतची तीसेक पोरं वहीत आहेत, येतात चौदा-पंधरा. उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण आमच्या हॉलला पत्रे आहेत आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

कमिटीने 'पुस्तकांसाठी' ५,००० रुपये मंजूर केलेत. बिल महिन्याच्या आत हवं. गेल्या वर्षी असेच पैसे मिळाले तेव्हा मी परदेशी वर्कबुकचा मराठी अनुवाद मागवला. छपाई गुळगुळीत, रंगीत चित्रं. पहिल्याच धड्यातला सोळा वर्षांचा मुलगा वडिलांची मोटार घेऊन पार्टीला जातो. आमच्यातल्या अर्ध्या पोरांना वडिलांची सायकल मिळायची मारामार! दुसऱ्या धड्यात बेसबॉल. तिसऱ्या धड्याला कुणी आलंच नाही. ती पुस्तकं कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही.

तर यंदा पोरांसाठी नको, मोठ्यांसाठी घ्यायचं म्हणते. आम्ही शिकवणारे चौघं आणि ज्यांची पोरं संघात आहेत ते आईबाप. काय वाचावं? शक्यतो मराठीत. 'बायबल वाचा' एवढंच लिहू नका, तेवढं मलाही कळतं. :)

कडक_भाकरी

बायबल वाचा.

(रागावू नका ताई, मुलगी बारावीला आहे, विनोद करायलाही वेळ नाही. धागा वाचतोय.)

निवृत्त_मास्तर

ताई, चांगला विषय काढलात. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यामुळे जुनंच सांगणार.

पहिलं नाव लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं. १९३४ पासून भागाभागांनी आलेलं हे आत्मचरित्र. शाळेत त्यातला एखादा उतारा सगळ्यांनीच वाचलेला असतो आणि तिथेच सोडलेला असतो. मी म्हणतो तो भाग वेगळा. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घरात काय चाललं होतं ते वाचा. नवरा एका वाटेवर, बायको सोवळं सांभाळणारी. काही काळ तर ती आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात नातलगांकडे राहिली. एकाच घरात विश्वासाच्या बाबतीत एक पुढे आणि एक मागे असेल तर काय होतं, रुसवे कसे होतात, थट्टा कशी वाचवते आणि कुणालाही फरफटत न नेता माणसं एकत्र कशी राहतात, हे त्या पुस्तकात जसं आहे तसं कुठल्याही 'पालकांसाठी दहा सूचना' छापाच्या पुस्तकात मिळणार नाही. आईबापांना हेच वाचायला द्या. पोर उपासनेला येईना म्हटल्यावर घर डोक्यावर घेणाऱ्यांना तर आधी.

आणि स्वतः टिळक कसे वळले? १८९३ च्या सुमारास रेल्वेत भेटलेल्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना नवा करार दिला, वाचायचं वचन घेतलं आणि तो उतरून गेला. पाठपुरावा नाही, फोन नाही, 'रविवारी का आला नाहीस' नाही. टिळक वाचत वाचत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या (म्हणजे येशूच्या चरित्रातल्या) डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचले आणि तिथे अडकले. तरुण संघ चालवणाऱ्यांनी या रेल्वेतल्या साहेबाचा जरा विचार करावा.

होटगी_रोड

मास्तर, तो साहेब उतरून गेला हे बरोबर, पण आमची पोरं उतरली की परत चढत नाहीत, त्याचं काय?

रंगभवनची_बाई

मास्तर, 'स्मृतिचित्रे' यादीत पहिलं. एक प्रश्न, त्यातली पानं झेरॉक्स करून वाटली तर चालेल का? पंधरा प्रती घेणं परवडणार नाही.

कायदा_वाचा

चालेल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, टिळक १९१९ साली. दोघांचं मूळ लेखन खुलं आहे. मात्र अलीकडच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना किंवा टिपा झेरॉक्स करू नका, त्या ज्याने लिहिल्या त्याच्या. आणि हयात लेखकांची पुस्तकं विकतच घ्या. देवाच्या कामासाठी म्हणून चोरी केलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. मी वकिली करते आणि दोन-तीन मंडळ्यांच्या शिबिरांना मदत करते. माझ्या मते तरुण संघाच्या प्रत्येक ताई-दादाने सगळ्यात आधी वाचायचा तो पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२. मराठीत मिळतो. सगळा नाही वाचला तरी कलम १९ आणि २१ वाचाच. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. 'आधी पाळक साहेबांना (धर्मगुरूंना) विचारतो', 'आधी कमिटीत ठेवतो', 'मंडळीचं नाव खराब होईल', यातलं काहीही कायद्यात बसत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दाबली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुठेही बाहेर जाता कामा नये. प्रार्थनेच्या ग्रुपवरसुद्धा नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, ती हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एका शिबिरात (गाव सांगत नाही, मंडळी सांगत नाही) मी संयोजकांना विचारलं, मुलींच्या खोल्यांकडे रात्री कोण आहे? उत्तर आलं, 'सगळे विश्वासणारेच आहेत हो.' त्यानंतर मी फुकट सल्ला देणं बंद केलं आणि लेखी नियम मागायला लागले. एकटा मोठा आणि एकटं मूल बंद दाराआड नको, प्रत्येक मुलामागे पालकांचं सहीचं पत्र हवं, निदान एवढं तरी.

कडक_भाकरी

हे कुणीच सांगत नाही. मुलीला मागच्या दिवाळीत शिबिराला पाठवलं तेव्हा मी फक्त 'जेवण कसं असतं' एवढंच विचारलं होतं. लाज वाटली.

पूर्वभागातला

मी अक्कलकोट रोडकडचा, आमची मंडळी तेलुगू. पोरांचं दुखणं निराळं आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी, मोबाईलवर हिंदी. प्रार्थना कुठल्या भाषेत करायची हाच प्रश्न. आजीला तेलुगू बायबल पाठ, नातवाला ती लिपी वाचता येत नाही. दोघं एका खोलीत राहायलेत पण वचन एकत्र वाचू शकत नाहीत.

म्हणून आम्ही काय केलं? आजी तेलुगूतून मोठ्याने वाचते, नातू तोच अध्याय मराठीतून वाचतो, मग दोघं भांडतात की तुझ्यात असं का आणि माझ्यात तसं का. त्या भांडणात जेवढं शिकून होतं तेवढं माझ्या प्रवचनात होत नाही. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीलाच त्याच्या आजीचं आणि आईचं नाव आहे, लोईस आणि युनीके. बापाचं नाव तिथे नाही. आमच्या पोरांचे बाप कारखान्यात नाहीतर पुण्या-मुंबईत. त्यामुळे ते वाक्य आमच्याकडे लई चालतं.

वसईवाला

सोलापूरशी माझा संबंध फक्त सासुरवाडीचा, तरी लिहितो. आम्ही कॅथलिक. भाषेची अडचण असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जरूर पाहा. त्यातल्या नव्या कराराच्या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पोरांना 'तो म्हणाला, मी खचित सांगतो' छापाची भाषा झेपत नाही, तिथे हे कामाला येतं. दिब्रिटो २०२० साली तुमच्या शेजारच्या उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा सोलापूरकर गाड्या भरून गेले होते असं मेव्हणा सांगतो. मेव्हणा अतिशयोक्ती करतो, हेही सांगून ठेवतो.

निवृत्त_मास्तर

वसईवाले, छान. त्याला जोडून पंडिता रमाबाईंचा बायबलचा अनुवाद. हिब्रू आणि ग्रीकवरून एकटीने मराठीत केलेला. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ग्रंथ बाहेर आला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका राबल्या, ज्यांना समाजाने टाकलं होतं त्याच. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईने मुद्दाम साधी मराठी निवडली, बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला कळावी अशी. पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन दिसतं तेव्हा मी शेजारच्या प्रवाशाला ही गोष्ट सांगतोच. बहुतेक जण झोपेचं सोंग घेतात.

कॉलेजातल्या पोरांना हमखास ऐकावं लागतं, 'तुमचा धर्म बाहेरचा, तुम्ही मराठी कसे?' त्यांच्या हाती फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तल्या चार ओव्या द्या. १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता तेव्हा. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, आणि गंमत म्हणजे छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. म्हणजे हल्लीची पोरं मोबाईलवर मराठी जशी लिहितात, तशी.

अक्षता_२२

रोमन लिपीचं हे माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकते. :D

मी या धाग्यावर बहुतेक एकटीच 'पोरं' गटातली आहे. सोलापुरातच वाढले, आता पुण्यात नोकरी. दोन वर्षं मी चर्चला पाय ठेवला नव्हता. का, ते सांगते, कारण तुम्ही सगळे पुस्तकांबद्दल बोलताय आणि माझं भांडण पुस्तकांशी नव्हतं.

इंजिनिअरिंगला माझे दोन विषय राहिले. घरी आईला सांगितलं, रात्री एक वाजता, रडत. रविवारी उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा आई उभी राहिली आणि माझ्यासाठी प्रार्थना मागितली. नावासकट, विषयांसकट. ती मनापासूनच मागत होती, यात मला शंका नाही. पण कोयरमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यानंतर मी आईला काहीही सांगायचं बंद केलं, आणि देवालाही, कारण मला ती दोघं एकाच ऑफिसात बसल्यासारखी वाटायला लागली.

मला परत आणलं ते संघातल्या एका दादाने. त्याने काही वाचायला दिलं नाही. स्वतः वाचून आला होता, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट, १ राजे, अध्याय १९. एलीया झुडपाखाली पडून म्हणतो, आता पुरे, मला मरू दे. आणि देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला. प्रवचन नाही. दादाने मला एवढंच विचारलं, 'जेवलीस का?' मग आम्ही पार्क चौकात भेळ खाल्ली आणि तासभर क्रिकेटवर बोललो. एलीयाचं त्याने मला सहा महिन्यांनी सांगितलं.

तेव्हा वाचा, जरूर वाचा. पण वाचलेलं लगेच आमच्या अंगावर ओतू नका.

होटगी_रोड

अक्षता, माझाच वरचा प्रश्न मी मागे घेतो.

कायदा_वाचा

+१. आणि कुणी खरंच 'मला जगायचं नाही' म्हणत असेल तर भाकरीबरोबर १४४१६ हा नंबरही द्या. टेलि-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. प्रार्थना करा आणि फोनही करा.

पूर्वभागातला

अक्षताने लिहिलंय त्याला जोडून बायबलमधलं स्तोत्र ८८. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे. हे वळत नाही. मूळ इब्रीत शेवटचा शब्दच अंधार. मी हे संघात वाचलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, 'हे पण बायबलमध्ये आहे?' तो पहिल्यांदाच बोलला होता.

गड्डा_जत्रा

मी ख्रिस्ती नाही, पण 'स्मृतिचित्रे' म्हटल्यावर राहवलं नाही. माझी आई हिराचंद नेमचंद वाचनालयातून हे पुस्तक इतक्या वेळा आणायची की वडील म्हणायचे, विकतच घे एकदाचं. आमच्या घरी कुणी रुसलं की अजूनही लक्ष्मीबाईंचा दाखला देतात. चालू द्या.

रंगभवनची_बाई

हे लिहायचं नव्हतं, पण अक्षताचं वाचून लिहिते. मी ज्या आईबापांसाठी यादी मागत होते त्यांत मीही आहे. माझा मुलगा अठराचा. जानेवारीपासून उपासनेला येत नाही. मी संघ घेते आणि माझाच नाही, हे लोक बोलत नाहीत पण मला ऐकू येतं. मीही दोनदा प्रार्थनेची विनंती केली आहे. नावासकट.

काल रात्री बायबलमधलं इफिसकरांस पत्र काढलं. सहावा अध्याय, चौथं वचन. 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.' हे मी शंभर वेळा शिकवलंय, पण नेहमी त्याआधीचं शिकवायचे, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं ते. मुलाला विचारलं, 'चिरडीस आणणं म्हणजे काय रे?' म्हणाला, 'डोक्यात जाणं.' आणि खोलीत गेला. दार मात्र आपटलं नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या मुलाने मूळ ग्रीकच्या बऱ्याच जवळचा अनुवाद केला आहे. तिथला अर्थ राग आणणं, भडकवणं हाच.

आता पैशाचं बोलू. ५,००० रुपयांत माझ्या मते तीनच गोष्टी घ्या. 'स्मृतिचित्रे'च्या दोन प्रती, 'सुबोध बायबल'ची एक, आणि उरलेल्या पैशांत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सुट्या पातळ प्रती, प्रत्येक घराला एक. सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं. मोठ्याने वाचलं तर दीड तासात संपतं. येशू त्यात सारखा चालत असतो आणि शिष्यांना सारखं काही कळत नसतं. तरुण संघ चालवणाऱ्याला धीर देणारं असं दुसरं पुस्तक नाही.

कडक_भाकरी

तेरावी-चौदावी सोडाच, मी बारावीनंतर एक पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. नोकरी, ओव्हरटाइम, टँकरचं पाणी. माझ्यासारख्या बापाला काय देणार? घरी पुस्तक नेलं की ते टीव्हीवर जाऊन बसतं.

रंगभवनची_बाई

भाऊ, तुम्ही फक्त बसायला या. वाचेल दुसरं कुणीतरी.

रंगभवनची_बाई (तीन आठवड्यांनंतर)

वृत्तांत द्यायचा राहिला होता.

मास्तरांच्या यादीप्रमाणेच घेतलं, शिवाय पॉक्सोची मराठी प्रत छापून बांधून घेतली आणि १०९८ भिंतीवर रंगवला. कमिटीत एकाने विचारलं, 'हे कशाला, बघणाऱ्याला काय वाटेल?' वकीलबाईंनी सांगितलेली शिक्षा वाचून दाखवली. पेंटरचं बिल लगेच पास झालं.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, हॉलमध्ये नाही, एकांच्या गच्चीवर. मोठे नऊ, पोरं सहा. लूक १५, उधळ्या पुत्राचा दृष्टांत. (धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो, डुकरं राखायची वेळ येते, परततो तेव्हा बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसतो.) मार्कपासून सुरू करणार होतो, पण आईबाप येणार म्हटल्यावर हाच घेतला. नियम एकच ठेवला. कुणी शिकवायचं नाही, वाचायचं आणि अडेल तिथे थांबायचं.

पहिल्यांदा अडलं ते 'वाटणी'वर. बाप जिवंत असताना वाटणी मागितली, या एका वाक्यावर मोठी माणसं पाऊण तास बोलली. प्रत्येकाच्या घरात एक सातबारा निघाला. पोरं गप्प ऐकत होती. आईबापांना असं बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं बहुतेक.

मग डुकरं खातात त्या शेंगा. आठवीतल्या एकाने विचारलं, 'शेंगा खायला मिळाल्या तर वाईट काय आहे?' बरोबरच आहे, सोलापूरचं पोरगं ते, शेंगा म्हटलं की चटणी! सगळे हसले आणि मला उत्तर येईना. मोबाईलवर पाहिलं. त्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगा, तिकडे जनावरांना घालायच्या. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, त्या काळी त्या मुलखात नव्हताच. अकरा वर्षं हा दृष्टांत शिकवते आहे, आणि अकरा वर्षं पोरांच्या डोळ्यांसमोर तो मुलगा भुईमूग खात बसला होता.

शेवटी थोरला भाऊ. अंगणात उभा, आत नाचगाणं चाललंय, बाप बाहेर येऊन विनवतोय. आणि गोष्ट तिथेच संपते. तो आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही. यावर कुणी काही बोललं नाही. कडक_भाकरी आले होते, लेकीला घेऊन. संपूर्ण वेळ एक शब्द नाही. जाताना मोटरसायकल सुरू करता करता म्हणाले, 'गेला असणार आत. भूक लागली असणार.' लेक म्हणाली, 'नाही गेला.'

माझा मुलगा आला नव्हता. घरी पोचले तर जागा होता. म्हणाला, 'काय वाचलं?' मी सांगितलं. शेंगांचंही. बाकी काही विचारलं नाही, मीही नाही. आईला शोभणार नाही इतकी गप्प बसले.

कडक_भाकरी

घरी येईपर्यंत वाद चालू होता. विजापूर रोडच्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं हिरवा लागलाय. अजून मिटलेलं नाही. ती म्हणते पुरावा दाखवा.

अक्षता_२२

मी तिच्या बाजूने. नाही गेला.

निवृत्त_मास्तर

पुढच्या गुरुवारी मी येतो, 'स्मृतिचित्रे' घेऊन. सुरुवात टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरच्या भागापासून करू. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा वाचायला कुणीतरी पोरगं द्या. आणि गच्चीला जिना किती पायऱ्यांचा आहे?

रंगभवनची_बाई

बावीस, सर. कठडा आहे. कपाटाची किल्लीही सापडली, पण आता ते उघडायचं कुणाच्या मनात नाही.